पडद्यापलीकडच्या माणसालाही हात असतो

नोव्हेंबर १९८०. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरसमोरून संध्याकाळी जाणारी माणसं चालता चालता थबकली. समोरच्या मोठ्या काचेत पुऱ्या उंचीची, हलती-बोलती माणसं उभी होती. ती त्या इमारतीत नव्हती. ती होती जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर, लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेपुढे. उपग्रहामार्फत दोन्हीकडचं चित्र आणि आवाज दोन्हीकडे पोचत होते. कुठेही फलक नव्हता, प्रायोजकाचं नाव नव्हतं, हे काय आहे ते सांगणारं कोणी नव्हतं. पहिल्या संध्याकाळी लोकांनी एकमेकांना 'तुम्ही आहात तरी कुठे?' असं विचारण्यातच वेळ घालवला. मग बातमी कानोकानी झाली. तिसऱ्या संध्याकाळी ठरवून आलेल्यांची झुंबड उडाली. त्यांच्यात वर्षानुवर्षं एकमेकांना न भेटलेले नातेवाईकही होते.

किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलाकार जोडप्याचं हे काम, 'होल इन स्पेस'. तीनच संध्याकाळी चाललं. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: त्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दाखवणारी चौकट कुठेच नव्हती. आपण कसे दिसतोय हे पाहायची सोयच नव्हती. समोर होता तो फक्त दुसरा माणूस.

आज त्याहून कितीतरी सरस काच प्रत्येकाच्या खिशात आहे. मग त्या तीन संध्याकाळींची ऊब रोजच्या व्हिडिओ कॉलला का नाही? 'तंत्रज्ञान अजून तेवढं पुढे गेलेलं नाही' हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. मी तुमचा हात धरतो तेव्हा त्याच क्षणी तुम्हीही माझा हात धरलेला असतो. मी जास्त दाबला तर तुम्ही कळवळता, हात सोडवून घेता आणि ते मला तिथल्या तिथे कळतं. स्पर्शातली ही देवाणघेवाण जपली तर एक साधा प्रोजेक्टरही माणसाला माणसाजवळ नेतो. ती तोडली तर कितीही महागडं यंत्र पलीकडच्या माणसाची वस्तू करून टाकतं. परस्परसंवादी, म्हणजे प्रेक्षकाच्या हालचालीला उत्तर देणाऱ्या, डिजिटल कलेतले चांगले कलाकार गेली पाचेक दशकं हेच तपासत आले आहेत. आपल्या शहरांत आता सार्वजनिक पैशातून पडदे, सेन्सर आणि लाइट शो उभे राहतात, आणि तिथे हा विचार जवळपास कोणी करत नाही. हे लिहायला बसलो ते त्या काळजीपोटी.

आधी आपल्या हातातल्या काचेकडे पाहू. परदेशातल्या नातवाशी बोलणारी आजी तुम्ही पाहिली असेल. फोन कोणीतरी तिच्यापुढे धरलेला असतो. बाळाचा चेहरा जवळ आला की आजीचा हात आपसूक पुढे जातो, गालावरून फिरवायला. बोट काचेला लागतं आणि बाळाच्या चेहऱ्यावर बटणं उगवतात. कोपऱ्यातली आजीचीच छोटी चौकट एकदम मोठी होते, बाळ कोपऱ्यात जाऊन बसतं. कधी आवाज बंद होतो, कधी कॉलच कट होतो. 'आई, स्क्रीनला हात नको ना लावूस!' असं घरातलं कोणीतरी म्हणतं, आणि आजी हात मागे घेऊन मांडीवर ठेवते.

आजीचं यात काही चुकलेलं नाही. चूक त्या काचेच्या घडणीत आहे. बोट जवळ आलं की काचेखालच्या विद्युतभारात जो बारीक फरक पडतो, तेवढाच ती काच मोजते आणि प्रत्येक स्पर्शाला हुकूम समजते. उघड, बंद कर, मोठं कर, पुढे सरकव. माया करायला गेलेला हात आणि कॉल कट करायला गेलेला हात तिच्या लेखी सारखेच. शिवाय पलीकडच्या बाळाला यातलं काहीच कळत नाही. आजीनं गालावरून हात फिरवला ही बातमी तिथवर पोचवावी असं त्या यंत्राच्या रचनेत कोणाच्या मनातच आलेलं नाही.

ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही त्यांची कथा याहून रुक्ष आहे. राज्यातल्या लाखो कुटुंबांचा डिजिटल यंत्राला नेमानं हात लागतो तो रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर. तिथे बोट टेकवायचं ते 'मी मीच आहे' हे सिद्ध करायला. ऊसतोडीनं, वीटभट्टीनं, धुण्याभांड्यानं ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा 'थंब लागत नाही'. बोट पुसून लाव, दुसरं लाव, उद्या ये. कष्टाचा सगळ्यांत ढळढळीत पुरावा म्हणजे ते झिजलेलं बोट, आणि यंत्र नेमकं त्यालाच ओळखत नाही. यंत्रानं माणसाला स्पर्श कसा करू नये याचं याहून वाईट उदाहरण मला सुचत नाही.

मेक्सिकोत जन्मलेले कलाकार राफाएल लोझानो-हेमर यांनी २०१० मध्ये हेच बोटाचं यंत्र उचललं आणि 'पल्स इंडेक्स' नावाची कलाकृती केली. आत बोट घातलं की ठसा आणि नाडी दोन्ही टिपली जातात, आणि तुमच्या बोटाच्या रेषा भिंतीवर भल्यामोठ्या होऊन तुमच्याच नाडीच्या ठोक्यानं धडधडू लागतात. नवा माणूस आला की तुमचा ठसा पुढे सरकतो, लहान होतो, आणखी सरकतो, शेवटी नाहीसा होतो. पाळत ठेवणाऱ्या तंत्राचंच हे साधन आहे, पण इथे ते कोणाची वही भरत नाही. जे घेतलं ते सगळ्यांसमोर घेतलं आणि काही वेळानं सोडून दिलं. साधन तेच असूनही त्यामागचा विचार बदलला की काय होतं, ते या दोन यंत्रांकडे शेजारी शेजारी पाहिलं की कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे. पडद्यावरून स्पर्श पोचतो का?

१९७०च्या सुमारास अमेरिकेतले संगणक-कलाकार मायरन क्रूगर आपल्या सहकाऱ्याशी दोन वेगळ्या इमारतींतून व्हिडिओवर काम करत होते. दोघांच्या हातांची चित्रं एकाच पडद्यावर येत होती. बोलता बोलता एकाच्या हाताची प्रतिमा दुसऱ्याच्या हाताच्या प्रतिमेवर आली आणि समोरच्यानं झटकन आपला हात बाजूला घेतला. लागलं काहीच नव्हतं. पण आपल्या हाताला, मग ती त्याची नुसती प्रतिमा का असेना, दुसऱ्याचा हात लागला की आपण सावरतो. क्रूगर यांचं पुढचं सारं काम या एका हालचालीतून वाढलं.

ब्रिटिश कलाकार पॉल सर्मन यांनी १९९२ मध्ये फिनलंडमध्ये हा प्रयोग पार पलंगापर्यंत नेला. 'टेलिमॅटिक ड्रीमिंग' असं त्याचं नाव. दोन वेगळ्या ठिकाणी दोन डबलबेड. एकावर एक माणूस आडवा झालेला, वर कॅमेरा. त्याची प्रतिमा आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनवरून दुसऱ्या खोलीत जाते आणि तिथल्या अंधारातल्या पलंगावर वरून पडते, खऱ्या मापाची, जिवंत. त्या पलंगावर येऊन बसणाऱ्या अनोळखी माणसाच्या शेजारी प्रकाशाचं एक शरीर पहुडलेलं असतं. तो बिचकत हात पुढे करतो. पहिल्या खोलीतल्या माणसाला आजूबाजूच्या मॉनिटरवर दोघं एकत्र दिसतात, म्हणून तोही हात पुढे करतो. बोटांना लागते फक्त चादर. तरी हात अदबीनं, हळू सरकतात, कारण पलीकडचा माणूस प्रत्येक हालचालीला हालचालीनं उत्तर देतो आहे. तुम्ही जवळ गेलात तर तो मागे सरकू शकतो, हात झिडकारू शकतो, हातावर हात ठेवू शकतो. पलंगच का निवडला हे त्यात उतरलेल्याला सांगावं लागत नाही. पलंगावर कोणी तटस्थ प्रेक्षक राहत नाही.

नर्तकी सुसान कोझेल यांनी १९९४ मध्ये ॲमस्टरडॅमला या कलाकृतीत काही आठवडे रोज तासन्‌तास काम केलं आणि नंतर त्याबद्दल सविस्तर लिहिलं. कोणी हळुवारपणे त्यांच्या प्रतिमेचा हात हातात घेतला, तेव्हा अंगातून काहीतरी सरसरून गेल्यासारखं त्यांना झालं. कोणी त्यांच्या प्रतिमेच्या पोटात कोपर मारलं, तेव्हा त्या खरोखर कळवळून दुमडल्या. शारीरिक इजा शून्य, पण शरीर म्हणालं, लागलं. ऑनलाइन छळाला 'स्क्रीन बंद कर की' म्हणून उडवून लावणाऱ्यांनी या अनुभवाचा विचार करावा. स्क्रीन पुरती सामान्य होण्याच्या कितीतरी आधी तो नोंदला गेला आहे.

विज्ञान याला थोडं पाठबळ देतं आणि थोडी वेसणही घालतं. १९९८ मध्ये बोटविनिक आणि कोहेन या संशोधकांनी केलेला रबरी हाताचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तुमचा खरा हात आडोशाला ठेवतात, समोर रबरी हात ठेवतात आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवतात. थोड्याच वेळात तो रबरी हात आपला वाटू लागतो. डोळा आणि त्वचा एकमेकांच्या साक्षीवर चालतात. म्हणजे पलंगावरचं ते प्रकाशाचं शरीर खरं वाटणं ही नुसती भाबडी कल्पना नव्हे. पण दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. आपल्या दंडाच्या, पाठीच्या त्वचेत काही संथ मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर गतीनं आणि त्वचेइतक्याच कोमट स्पर्शानं कोणी हात फिरवला की ते सगळ्यांत जास्त जागे होतात. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तो याच गतीनं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल ज्या शोधांना मिळालं, तेही तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या रेणूंचे होते. या साऱ्या यंत्रणेला पडदा हात लावू शकत नाही. जो कलाकार किंवा जी कंपनी आम्ही प्रत्यक्ष स्पर्शाची जागा घेतो असं म्हणते, तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

अशा कंपन्या आहेत आणि वाढतही आहेत. मिठी पोचवणारे शर्ट, कंप देणारे जॅकेट, हातमोजे. त्या सगळ्यांचं आश्वासन एकच की यंत्र आणखी बारीक झालं की स्पर्श हुबेहूब होईल. पण भूगोल मध्ये येतो. मुंबई ते न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अगदी सरळ रेषेत केबल टाकली तरी तुमचा दाब तिकडे जाऊन त्याचं उत्तर परत यायला सेकंदाचा आठवा हिस्सा लागणारच. बोलण्यात तेवढा उशीर खपून जातो. हातात हात असताना खपत नाही. तेवढ्या वेळात समोरचा हात ओढल्यासारखा किंवा ढकलल्यासारखा वाटतो. हा उशीर कुठलीही नवी आवृत्ती घालवू शकणार नाही, कारण प्रकाशाहून वेगानं काही जात नाही.

म्हणून मला ते कलाकार मोठे वाटतात ज्यांनी नक्कल सोडून दिली. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या एका नामांकित मनगटी घड्याळातून आपल्या हृदयाचे ठोके दुसऱ्या घड्याळाला पाठवता येत होते. लोकांनी काही दिवस पाठवले, मग बहुतेकांनी ते बटण विसरून टाकलं. लोझानो-हेमर यांनी २०१९ मध्ये जवळपास हीच गोष्ट केली आणि ती पाहणाऱ्याला हलवून गेली. 'रिमोट पल्स'मध्ये दोन सारखी टेबलं आहेत, इंटरनेटनं जोडलेली. एका टेबलावर तुम्ही दोन्ही तळवे ठेवता, दुसऱ्यावर कोणी अनोळखी माणूस. त्याची नाडी तुमच्या तळव्याखाली धडधडते, तुमची त्याच्या. पहिल्यांदा ही टेबलं ठेवली गेली ती अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेज या दोन शहरांत, सरहद्दीच्या दोन बाजूंना. मध्ये कुंपण, पहारा आणि त्या वर्षी टिपेला पोचलेलं स्थलांतरितांविरुद्धचं राजकारण.

घड्याळानं आपल्याला आपलंच माणूस थोडं अधिक दिलं. ते माणूस फोनवर होतंच. टेबलानं दिलं ते माणूस, ज्याच्याबद्दल आपल्याला भीती घालण्यात आली होती. ठोके बाहेरून बारीक गुणगुणल्यासारखेच येतात, त्वचेची ऊब नाही, बोटांचा आकार नाही. तरी ते खोटे वाटत नाहीत, कारण यंत्र हाताचं सोंग आणत नाही. पलीकडे एक हृदय आहे एवढंच ते सांगतं. तुम्ही हात उचललात की तिकडच्याचे तळवे रिकामे होतात.

त्याच सुमारास त्याच दोन शहरांमध्ये 'बॉर्डर ट्यूनर' हे त्यांचं मोठं कामही उभं होतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठाणी, आकाशात सर्चलाइटचे झोत. चाक फिरवून तुम्ही आपला झोत हलवायचा. पलीकडच्या कोणाच्या झोताला तो भिडला की दोघांमध्ये आवाजाची वाट उघडायची. एरवी सरहद्दीवर माणसं शोधायला वापरतात ते दिवे इथे बोलण्यासाठी एकमेकांना शोधत होते. दोघांनीही शोधायचं ठरवल्याशिवाय भेट नाही, ही त्यातली अट मला फार मोलाची वाटते.

एकतर्फी स्पर्श कुठे जातो, हे इराकमध्ये जन्मलेल्या वफा बिलाल यांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. त्यांचा भाऊ २००४ मध्ये अमेरिकी हल्ल्यात मारला गेला होता. २००७ च्या मे महिन्यात ते शिकागोच्या एका गॅलरीत महिनाभर एका खोलीत राहिले. खोलीत रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक होती, ती इंटरनेटला जोडलेली. जगात कुठूनही कोणीही माउस हलवून नेम धरायचा, क्लिक करायचं, गोळी सुटायची. महिन्याभरात साठ हजारांहून जास्त गोळ्या सुटल्या. खोली पिवळ्या रंगानं थबथबली, दिवा फुटला, त्या माणसाची झोप उडाली. गोळ्या झाडणाऱ्यांना यातलं काही सोसायचं नव्हतं. त्यांना ना रंगाचा वास येत होता ना त्यांच्या बोटाला धक्का बसत होता.

पण त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली आणि ती मी कधीच सोडून सांगत नाही. काही अनोळखी माणसांनी इंटरनेटवरच एकमेकांना गाठून पाळ्या लावल्या आणि ती बंदूक सतत डावीकडे वळवून धरायला सुरुवात केली, जेणेकरून बिलाल यांना थोडी झोप मिळावी. कुठल्यातरी दुसऱ्या देशात खुर्चीत बसून, एक कळ दाबून धरून, रात्रभर. त्यांनीही त्या माणसाला प्रत्यक्ष हात लावला नाही. तरी तासन्‌तास एकाच बाजूला दाबून धरलेली ती कळ मला अंगावर पांघरूण घालण्याइतकीच जवळची वाटते.

न्यूयॉर्क आणि डब्लिन यांच्यात २०२४ च्या मे महिन्यात 'पोर्टल' उभं राहिलं, म्हणजे दोन्ही शहरांचं थेट चित्र एकमेकांना दाखवणारा मोठा गोल पडदा, तेव्हा या दोन्ही वृत्ती आठवडाभरात दिसल्या. लिथुआनियाचे बेनेडिक्टस गिलिस यांची ही कल्पना; पहिली जोडी २०२१ मध्ये व्हिल्नियस आणि पोलंडच्या लुब्लिनमध्ये लागली होती. मे २०२४ मध्ये लोक हात हलवत होते, नाचत होते, पलीकडच्या नातेवाइकांना शोधत होते. मग कोणी कपडे वर केले, कोणी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चित्रं फोनवर काढून न्यूयॉर्ककरांना दाखवली. सहा दिवसांत पोर्टल बंद करावं लागलं. पुन्हा सुरू झालं ते नव्या बंधनांसह: कोणी कॅमेऱ्याच्या फार जवळ गेलं की चित्र धूसर व्हायचं.

'लोकच असे, त्याला कलाकार काय करणार?' असं त्यावर अनेकांनी म्हटलं. हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. पोर्टलला आवाज नव्हता. ज्याला तुम्ही दुखावलंत त्याला 'अरे, हे काय करतोस?' असं म्हणण्याची सोयच नव्हती. १९८०च्या काचेला आवाज होता. आवाज बंद करणं, कोणालाही कधीही येऊ देणं, हे सगळे रचनेतले निर्णय आहेत, आणि पुलाला कठडा ठेवायचा की नाही या निर्णयाइतकेच त्यांचे परिणाम खरे असतात. बंधन म्हणून चित्र धूसर करण्याऐवजी समोरच्याला उत्तर देण्याची ताकद द्यायला हवी होती, असं माझं मत आहे.

हे सगळं परदेशातलं झालं. पण स्पर्शाचा प्रश्न आपल्याकडे जितका खोल आहे तितका फार थोड्या समाजांत असेल. कोणी कोणाला शिवायचं नाही यावर इथे शतकानुशतकं गावं बसली. चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या बाहेर, महाद्वारासमोर आहे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवण्याची वाट दलितांना मोकळी झाली.

त्या पार्श्वभूमीवर पंढरपूरचं आजचं चित्र पाहा. लाइव्ह दर्शन कोणालाही मोबाइलवर घेता येतं, जात-धर्म-गाव कोणी विचारत नाही. तरीही माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहतात ती पदस्पर्शासाठी. कोविडमुळे थांबलेलं पदस्पर्श दर्शन २०२२च्या गुढीपाडव्याला पुन्हा सुरू झालं, तेव्हा झालेला आनंद ऑनलाइन दर्शनानं भागणारा नव्हता. ज्या समाजात शिवण्याचा हक्क लढून मिळवावा लागला, तिथे 'आता सगळं काँटॅक्टलेस, म्हणून सगळे समान' ही भाषा फार जपून वापरायला हवी. कोणालाच हात लावायचा नाही ही समता अपुरी आहे. ती जुन्या सोवळ्याला नवी सोय करून देऊ शकते.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी हा धागा फार आधी पकडला होता. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयासाठी त्यांनी २००३ मध्ये इंटरनेटवरची एक कलाकृती केली, 'ब्लेस्ड बँडविड्थ'. त्यासाठी नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांत नेऊन तिला आशीर्वाद घेतले. घरबसल्या संकेतस्थळावर येणाऱ्याला तो आशीर्वाद मिळायचा. पुण्य तारेतून येतं का, हा प्रश्न त्यांनी ऑनलाइन दर्शन घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी विचारला. पुढे त्यांच्या सावल्यांच्या मालिकेत भिंतीवर तुमची सावली पडते, शेजारच्या अनोळखी माणसाच्या सावलीत मिसळते, आणि वरून घरंगळत आलेल्या वस्तू तिला येऊन चिकटतात. झटकाव्या म्हटलं तर सुटत नाहीत. इथे कोणी कोणाला शिवत नाही, पण शेजाऱ्यावर पडलेलं आपल्यावरही पडतं.

आता सार्वजनिक पैशाचा प्रश्न. आपल्या शहरांत सध्या 'इंटरॲक्टिव्ह' या नावाखाली जे उभं राहतं ते बहुतेक वेळा एकट्या माणसासाठी असतं. पाय ठेवला की फरशीवर फुलं उमलतात, हात हलवला की भिंतीवर पक्षी उडतात, बाजूला सेल्फी काढायला चौकट. मुलं रमतात, मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण तिथे पलीकडे कोणी नसतं. आपणच आपल्या हालचालीचा प्रतिध्वनी पाहतो आणि घरी येतो. एवढ्याच सामग्रीत दोन ठिकाणं जोडता येतात. साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर एक काच आणि मुंबईत परळच्या स्टँडवर दुसरी. गावाकडची आणि मुंबईत कामाला गेलेली माणसं रविवारच्या संध्याकाळी पुऱ्या उंचीनं समोरासमोर. स्वतःची चौकट नाही, आवाज चालू, शेजारी मराठी बोलणारा एक मदतनीस. चित्र साठवायचं नाही. त्यासाठी नवा शोध लागत नाही.

रोबो-संशोधक आणि कलाकार केन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांची 'टेलिगार्डन' १९९५ ते २००४ अशी नऊ वर्षं चालली, त्यातली बहुतेक ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात. एक छोटा खरा बगीचा, मधोमध यंत्राचा हात, आणि जगभरच्या हजारो लोकांनी इंटरनेटवरून पाणी घालून वाढवलेली रोपं. एकानं पाणी जास्त घातलं तर दुसऱ्याचं रोप कुजायचं, म्हणून बोलावं लागायचं. जे तीन संध्याकाळच्या कौतुकात जमत नाही ते अशा कामात जमतं, कारण उद्या परत यावं लागतं. आपल्याकडे एखाद्या कृषी महाविद्यालयानं हे मनावर घ्यावं. परदेशी गेलेल्या किती मराठी माणसांना गावाकडच्या मातीत काहीतरी वाढवायचं असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आणि सगळ्यांत आधी जिथे गरज सगळ्यांत तीव्र आहे तिथे जायला हवं. आपल्या कारागृहांमध्ये काचेपलीकडून बोलणं असतं, व्हिडिओवरची ई-मुलाकात असते. तरीही महाराष्ट्राच्या कारागृह विभागाला 'गळाभेट' हा उपक्रम घ्यावासा वाटला, ज्यात कैद्याला आपल्या लहान मुलाला काचेविना कुशीत घेता येतं. पडद्याची मर्यादा एका सरकारी खात्यानं इतक्या नेमकेपणानं ओळखली, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण गळाभेटीचा दिवस वर्षात क्वचित उगवतो. मधल्या महिन्यांत त्या मुलाच्या तळव्याखाली बापाची नाडी का येऊ नये? लोझानो-हेमर यांची टेबलं संग्रहालयात राहू शकतात, तर येरवड्यातही राहू शकतात.

अतिदक्षता विभागाचंही तेच. ब्राझीलमधल्या नर्सेसनी कोविडच्या काळात रबरी हातमोज्यांमध्ये कोमट पाणी भरून ते रुग्णाच्या हाताभोवती बांधले, कोणीतरी हात धरलाय असं वाटावं म्हणून. त्याचं छायाचित्र २०२१ मध्ये जगभर फिरलं आणि अनेकांना त्यात फक्त करुणा दिसली. मला त्यात एक नीट विचार केलेली रचना दिसते: तापमान बरोबर, वजन बरोबर, जागा बरोबर. कमी होता तो पलीकडचा माणूस, आणि तोच पाठवणं डिजिटल कलेला जमतं. घरच्यांपैकी कोणी फोनवर असेल, नर्सचा हात रुग्णाच्या हातावर असेल आणि घरच्या माणसाचा ठोका त्या हाताखालच्या गादीत येत असेल, तर त्यातलं प्रत्येक अंग आज उपलब्ध आहे. नाही ते त्यासाठी वेळ असलेलं माणूस. त्या काळात आपल्याकडेही एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात रुग्णाचा हात धरून नर्सेस उभ्या राहिल्या. ते काम त्यांच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हतं. ते यादीत आलं पाहिजे, त्याचे तास मोजले गेले पाहिजेत आणि त्याचा पगार मिळाला पाहिजे.

पुढचा इंटरॲक्टिव्ह प्रकल्प महापालिकेच्या स्थायी समितीपुढे येईल, तेव्हा नगरसेवकांनी ठेकेदाराला लुमेन आणि पिक्सेल विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. पलीकडे माणूस आहे का? त्याला नाही म्हणता येतं का? जे टिपलं ते कधी पुसलं जाणार? आणि झिजलेल्या बोटाच्या बाईनं हात ठेवला तर यंत्र तिला ओळखेल का? या चारांची उत्तरं निविदेतच लेखी मागायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.